बाबा, बोल्ट सैल नव्हते

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांना एकच गोष्ट तीनदा सांगितली आणि शेवटी आई, तूच फोन घेतलास. रात्रभर ते मनातून गेलं नाही. म्हणून हे कागदावर.

बाबा, साखर कारखान्यात मळीच्या स्क्रू पंपावर तुम्ही सत्तावीस गळीत हंगाम काढलेत. पंप हादरतो म्हणून सांगितलंत की वरून एकच उत्तर यायचं, फाउंडेशनचे बोल्ट आवळा. गेलं वर्षभर मी तसल्याच पंपाच्या रोटरवर, म्हणजे आत फिरणाऱ्या पिळाच्या दांड्यावर, काम करतेय. बाबा, बोल्ट सैल नव्हते.

स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर नळीच्या, रबरात रोटर जागच्या जागी फिरत नाही. स्वतःभोवती एक फेरा घेताना त्याचा मध्य उलट्या दिशेने एक लहानसं वर्तुळ काढतो. रोटर 20 किलोचा, मध्य 8 मिलिमीटर सरकलेला आणि मिनिटाला 400 फेरे धरले, तर सुमारे 28 किलोची ओढ पंपाला सतत चहूबाजूंनी हिसडत राहते. रोटरला स्वतःचं बेअरिंग नसतं, त्यामुळे हा मार रबर खातं, मागे रोटरला फिरवणाऱ्या कपलिंग रॉडचे सांधे खातात. तुम्ही दाखवायचात तो फाटलेला स्टेटर आठवतो मला.

गती निम्मी केली की ही ओढ चौथाईवर येते. पण मग मळी निम्मीच जाणार. आम्ही रोटरची लांबी तीच ठेवून पिळाचा प्रत्येक वेढा दुप्पट लांब केला. एका फेऱ्यात दुप्पट मळी जाते, म्हणून 200 फेरे पुरतात आणि ओढ 7 किलोवर येते. किंमत दाबात मोजावी लागते: पिळाचे टप्पे निम्मे झाले की 12 बारचा पंप 6 बारचाच उरतो. मळीला बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. वर रोटर आतून पोकळ केला. एक तृतीयांश वजन गेलं आणि ओढ पाच किलोच्याही खाली आली. पहिल्यांदा चालवला तेव्हा मी पंपावर हात ठेवून उभी होते. तुम्ही ठेवायचात तसाच.

गरम मळीत रबर फुगतं, म्हणून रोटर किंचित बारीक घ्यावा लागतो. नाहीतर सुरू होताना तो अडकत, किंचाळत फिरतो. पहाटेचा तो आवाज कॉलनीपर्यंत यायचा, आई, आणि तू म्हणायचीस, "झाली ह्यांची पाळी सुरू."

तुमचे कान एकट्या त्या पंपाने गेले नाहीत हे मला कळतं. मिल हाऊस होतं, टर्बाइन होतं, आणि कानात नुसते कापसाचे बोळे. कुणीतरी तेव्हाच तुमचं ऐकायला हवं होतं. याचा मला फार राग येतो.

रविवारी येतेय. सोमवारी सकाळी कानाच्या तपासणीची वेळ घेतली आहे, तेव्हा बाबा, त्या दिवशी शेतावर जायचं नाही. आणि आई, मागच्या दाराला टेकवलेला तो जुना रोटर भंगारात देऊ नकोस. मला तो मोजायचा आहे, बाबांसोबत.

तुमची,
ताई