‘द बिल’चा कस कुठे उतरला?

महोदय,

१९८४ ते २०१० अशी आयटीव्हीवर चाललेली ‘द बिल’ ही ब्रिटिश पोलीस मालिका एकदम बिघडली नाही. तिचा मूळ दंडक साधा होता: कॅमेरा कायम पोलिसाबरोबर. बंद दारामागे काय शिजतंय, हे शिपायाने दार ठोठावून आत पाऊल टाकेपर्यंत प्रेक्षकालाही कळत नसे. शेवटच्या श्रेयनामावलीतही गस्तीवरची नुसती पावलं दिसत. १९८८ मध्ये अर्ध्या तासाचे भाग सुरू झाले आणि ही शिस्त आणखी घट्ट झाली. एक तक्रार, एक पाळी, भाग संपला! मालिकेचा खरा बहर तोच.

१९९८ पासून भाग पुन्हा तासाभराचे झाले. २००२ मध्ये तर कथेतल्या पोलीस ठाण्याला आग लावून कितीतरी पात्रं एका फटक्यात संपवली, वर प्रेमप्रकरणांचं क्रमशः गुऱ्हाळ. मग तपास मागे पडणारच. पुढे स्वतंत्र कथा परत आणल्या, तो निर्णय योग्यच होता. पण २००९ मध्ये रात्री नऊची वेळ आणि पार्श्वसंगीत आलं. बिनसंगीताच्या त्या शांततेत वायरलेसची खरखर किती बोलकी वाटायची!

– एक वाचक, ठाणे