सागरगडाची सोंडेवरची वाट: माचीवरच्या मामांचे जाहीर आभार

माचीवरच्या मामांना,
स. न. वि. वि.

सागरगड किल्ला चढायचा म्हणजे खंडाळे गाव, धोंडाण्याचा धबधबा, सिद्धेश्वराचं देऊळ आणि मग माची, म्हणजे किल्ल्याखालची सपाटी, हा क्रम अलिबागकडच्या पोरासोरांनाही पाठ असतो. त्या जोडीला आता सोंडेवरची, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवरची वाट आली, ती तुमच्या कोयत्यामुळे आणि त्याहून जास्त तुमच्या नकारांमुळे.

पहिला नकार घळीला. घळ, म्हणजे दोन सोंडांमधली पाण्याची अरुंद खाच, जवळची वाटते, पण वर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही तिला लोंढा येतो. कोरड्या दिवसांत पुढच्याच्या पायाखालचा दगड सुटतो तो थेट मागच्याच्या अंगावर. सोंडेवरून तासभर जास्त लागला तर लागू दे, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं.

कारवीची झुडपं तोडतानाची तुमची शिस्त तर प्रत्येकानं शिकावी. घाईत तिरका घाव घातला की वीतभर टोकदार खुंट उरतो. घसरून पडणाऱ्याच्या मांडीत तो सुरीसारखा घुसतो. तुम्ही प्रत्येक बुंधा जमिनीलगत सपाट कापायला लावलात. उतारावरच्या कारवीला मात्र हात लावू दिला नाहीत, कारण मुरूम तिच्या मुळांनीच धरून ठेवलाय. आधारालाही तीच कामाला येते, फक्त हिरवी बघून बुंध्यापाशी धरायची. वाळकी काडी हातात येते आणि माणूस खाली जातो.

चढावर वाट नागमोडी नेलीत आणि वळणांच्या आधी दगड तिरके रोवलेत. पाणी वाटेवरून धावण्याऐवजी बाजूला फेकलं जावं म्हणून ही खटपट. सरळ वाटेचा दोन पावसाळ्यांत ओहोळ होतो. वळण चुकवून मधूनच उतरणाऱ्यांना हे कोण सांगणार?

खुणांचंही तसंच. दगडांच्या लगोऱ्या भाद्रपदातल्या कमरेएवढ्या गवतात गडप होतात, म्हणून तुम्ही खुणा झाडांवर छातीच्या उंचीला केल्यात, आणि दोन्ही बाजूंनी. चढताना सगळ्या सोंडा वर एकत्र येतात, त्यामुळे चुकायला फारसा वाव नसतो. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात आणि माणूस भलत्याच रानात उतरतो. म्हणून खुणा उतरणाऱ्याला दिसायला हव्यात. प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत, गुरं खातात, हेही तुम्हीच बजावलंत.

वरच्या कातळटप्प्यावर कायमचा दोर बांधून ठेवायला तुम्ही साफ नाही म्हणालात. बरं झालं. उन्हापावसात नायलॉन कमकुवत होतो, वरून धड दिसतो आणि नेमका भार पडल्यावर तुटतो. ज्यानंत्यानं आपला दोर आणावा, जिवंत झाडाच्या बुंध्याला बांधावा, कातळाकडे तोंड करून उतरावं. पहिल्या सरींत कातळावरची धूळ भिजून साबण होते आणि श्रावणात शेवाळ धरतं, त्यामुळे तेव्हा या वाटेला जाऊच नये. कार्तिक ते माघ हे दिवस चांगले.

पाणी माणशी तीन लिटर. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतच राहतं, म्हणून उजाडताच निघावं आणि सोबत मीठ घातलेलं कोकमाचं पाणी असावं. न बघता कपारीत हात घालू नये, फुरसं हा विषारी साप तिथेच दबा धरून असतो. चावलाच तर कापाकापी नको, आवळून बांधणं नको; अवयव न हलवता सरळ अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठावं.

मामा, एवढं सगळं दाखवून तुम्ही मजुरी घ्यायलाही तयार नव्हता. ते काही बरोबर नाही, आणि पुढच्या खेपेला चालायचंही नाही. पहिल्या पावसात तिरक्या दगडांमागे गाळ साचेल, तो उपसावा लागेल. लावणी उरकली की निरोप धाडा. पहारी आणि घमेली आम्ही आणतो, काम कुठून धरायचं ते तुम्ही सांगा.

आपले,
सागरगडाच्या वाटेवरचे भटके