विषय: गोधडीचे काठ वाकडे छाटून दिल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, गोधडी फिनिशिंग विभाग,
कर्वे रस्ता शाखा, पुणे

तुमच्या हेल्पलाइनवरच्या गृहस्थांनी आत्ताच "मॅडम, मग लेखी द्या" म्हणून फोन ठेवला. हे घ्या लेखी.

हाताने जोडलेला गोधडीचा वरचा पदर तुमच्याकडे दिला, तेव्हा तुमच्याच माणसाने तो टेबलावर पसरून मोजला आणि चलनावर लिहिलं: साडेसाठ बाय साडेऐंशी इंच, दोन्ही कर्ण सारखे. काम एवढंच होतं की चारी बाजूंना मगजीसकट (कडेवर दुमडून शिवतात ती पट्टी) चार इंच काठ लावायचा, वाडिंग (मधला जाड थर) आणि अस्तर घालून मशीनची शिलाई मारायची, छाटायचं आणि मगजी करायची.

आता परत आलेल्या मालाची मापं. डावा काठ चार इंच. उजवा काठ वरच्या टोकाला सव्वातीन आणि खालच्या टोकाला चार इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वरचा चार, खालचा साडेतीन. गोधडीची लांबी मधोमध ८६ इंच, दोन्ही कडांना ८८. म्हणजे जमिनीवर पसरली की मधला भाग टेकतो आणि काठ पापडासारखे लाटा मारत उभे राहतात. शिलाईने गोधडी आक्रसते, दाट असेल तर दोन-तीन टक्के सहज, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काठावरची शिलाई मध्याइतकीच दाट आहे. मग मध्य आक्रसला आणि कड नाही, असं कसं?

कारण तुम्हाला माहीत आहे, माहीत नसेल तर कमालच आहे. काठाची पट्टी कडेवर मापायचीच नसते. कड हाताळून ताणलेली असते. माप मधोमध आणि दोन्ही बाजूंना थोडं आत अशा तीन जागी घ्यायचं, सरासरी काढायची, समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच लांबीच्या कापायच्या, मध्य आणि पाव-पाव भागांवर टाचण्या लावून मगच शिवायचं. उभे काठ लागल्यावर आडव्यांसाठी पुन्हा मधोमध माप. तुमच्याकडे लांब पट्टी एका टोकापासून मशीनखाली सारत नेली आणि शेवटी उरली तेवढी कापून टाकली. दोन्ही कडांना दोन-दोन इंच जास्तीचे आले ते तिथून.

त्यातून पट्ट्या कापल्या आडव्या धाग्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीत. हा अंदाज नाही, उजव्या काठात मधेच जोड आहे. काठासाठी अडीच मीटर कापड अखंड दिलं होतं ते कशाला? चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडातून पाच इंचांच्या चार पट्ट्या उभ्या काढल्या तर वीस इंच रुंदी जाते, कुठे जोड येत नाही, आणि उभा धागा ताणतही नाही. आता आडवं कापून उरलेला तुकडा सरळ ऐंशी इंचांच्या काठाला पुरणार नाही, आणि रविवार पेठेत त्या छापाचा माल संपलाय. तो उरलेला तुकडाही परत आलेला नाही, तो भाग वेगळाच.

छाटणीबद्दल तर काय बोलावं. छाटताना पट्टीवरची चार इंचांची रेघ काठाच्या शिवणीवर बसवायची, थोडं कापलं की पुन्हा शिवणीवर जुळवायची, कोपऱ्यात चौकोनी पट्टीने काटकोन पाहायचा. तुमच्या कारागिराने शिवणीकडे न बघता अस्तराच्या कडेला धरून कटर चालवला असणार. काप अगदी सरळ आहे हो! फक्त गोधडीशी त्याचा काही संबंध नाही.

आता तो फोन. मी मापं वाचून दाखवली. पलीकडून: "हँडमेड आहे ना मॅडम, थोडं कमीजास्त होणारच." मी म्हटलं, हाताने केलेला मधला भाग सुतात बरोबर आहे, वाकडं आहे ते तुमच्या मशीनचं. त्यावर "एकदा वाफेची इस्त्री फिरवून बघा." दोन इंच जास्तीचं कापड इस्त्रीने कुठे जाणार, असं विचारलं तर क्षणभर शांतता आणि मग: "नाहीतर आपण चारी बाजू तीन इंचांवर आणू." म्हणजे काठ अजून कापणार! रुंदी सारखी होईल, लाटा तशाच राहतील, असं सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "अहो, फ्रिलसारखं दिसतंय, छानच की. आणि पांघरल्यावर काठ कोण मोजतं?"

कोण मोजतं? ज्याने मोजण्याचे पैसे घेतले त्याने मोजायला हवं होतं. चलनावर तुमच्याच हस्ताक्षरात "दोन्ही कर्ण सारखे" असं आहे. आज एक कर्ण पावणेएकशेनऊ आहे, दुसरा सव्वाएकशेदहा.

तुमच्या दुकानाचं काम चांगलं असतं असं ऐकून गोधडी दिली होती. आता विचारणाऱ्याला हे काठच दाखवीन.

पंधरा दिवसांत मजुरीची पूर्ण रक्कम, अडीच मीटर कापडाची किंमत आणि उरलेलं कापड परत करावं. दुरुस्ती नको, छाटलेला काठ परत वाढत नाही. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथे अर्ज करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. तिथे गोधडी घेऊन येईन, मोजपट्टी तुम्ही आणा.

आपली ग्राहक

सोबत: चलन व पावतीची प्रत, मोजपट्टी ठेवून काढलेले चारी कोपऱ्यांचे आणि काठातल्या जोडाचे फोटो.