टॅरंटुला पाळता? मग डोळे सांभाळा

संपादक महोदय,

टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळणाऱ्याला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: चावतो का हो? पाळल्या जाणाऱ्या उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या जातींपैकी बहुतेकांचं पहिलं हत्यार मात्र विषदंत नव्हे, पाठीमागचे केस.

बिथरला की हा कोळी पोट, म्हणजे शरीराचा मागचा फुगीर भाग, किंचित उचलतो आणि मागचे पाय त्यावर भराभर घासतो. बुडाशी सैल जोडलेले सूक्ष्म केस तुटून धुरळ्यासारखे उडतात. त्वचेत रुतले तर खाज आणि लाल गांधी, नाकात गेले तर शिंका. डोळ्यात गेले तर मात्र गोष्ट गंभीर. केसांवर उलटे काटे असतात, त्यामुळे डोळा चोळला की ते आणखी आत सरकतात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात 2009 साली एक तरुण तीन आठवडे लाल झालेला डोळा घेऊन रुग्णालयात गेला. कोळ्याची पेटी घासून साफ करताना केस उडाले होते. ते इतके बारीक होते की चिमट्याने निघेनात. स्टेरॉइडच्या थेंबांवर भागवावं लागलं. कोळी होता चिलियन रोझ, म्हणजे नवशिक्यांना 'गरीब' म्हणून सुचवली जाणारी जात!

खरा घात होतो तो सफाईच्या वेळी, कारण तोंड पेटीत असतं. कोळ्याला आधी डब्याखाली घेऊन बाजूला काढा. पेटी रिकामी झाली तरी माती आणि जाळ्यात जुने केस असतातच. काही जाती तर ते मुद्दाम जाळ्यात विणतात. म्हणून माती उपसण्याआधी तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे केस उडत नाहीत. कोळी आत असताना त्याच्या अंगावर फवारा किंवा फुंकर नको, त्यानेच तो केस झटकतो. बाजू बंद असलेला संरक्षक चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, लांब बाह्या आणि 25-30 सेंटिमीटरचा चिमटा एवढं पुरतं.

त्वचेवर केस पडले तर खाजवू नका. चिकटपट्टी दाबून उचला, दोन-तीनदा करा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याने धुऊन थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि कोळ्याचे केस गेल्याचं स्पष्ट सांगा. नाहीतर साधे डोळे आले म्हणून औषध मिळतं.

पोटावर टक्कल दिसलं की लोक घाबरतात. तो आजार नव्हे, पुढच्या कातीबरोबर केस परत येतात. पण टक्कल वाढतच असेल तर कोळ्याला कशाचा तरी त्रास होतोय: लपायला जागा नसेल, पेटीला हादरे बसत असतील किंवा खायला टाकलेला जिवंत नाकतोडा आत राहिला असेल. टक्कल काळं पडू लागलं तर कात जवळ आली. न खाल्लेला किडा काढा आणि पेटीला हात लावू नका. टाकलेली कातही उघड्या बोटांनी उचलू नका, तिच्यावर केस शिल्लक असतात.

आपला,
एक कोळीपालक