कोरी पानं हिशेबातून वगळू नका

संपादक महोदय,

माझ्या वहिनींची केमोथेरपी नाशिकमध्येच झाली. तेव्हा मळमळीवरच्या औषधाच्या एका चाचणीत त्यांनी भाग घेतला होता. मळमळ किती, याचा शून्य ते दहामधला एक आकडा रोज संध्याकाळी वहीत लिहायचा; दहा म्हणजे सर्वांत जास्त. बऱ्या दिवशी त्या नेमाने लिहीत. केमोनंतरचे दोन-तीन दिवस मात्र उशीवरून मान उचलवत नसे, आणि पान कोरंच राही. वही परत घेताना ते कोरं का, हे कुणी विचारलं नाही.

मी संख्याशास्त्र शिकवत आले, म्हणून याचं मला फार वाईट वाटतं. ही पानं योगायोगाने कोरी नाहीत. त्रास वाढला म्हणून कोरी आहेत. ती सोडून सरासरी काढली की औषध आहे त्याहून गुणकारी दिसतं. आदला आकडा पुढे ओढला तरी तेच. रविवारचा 'दोन' सोमवारीही लागतो, आणि सोमवारी तर वहिनींच्या घशाखाली पाणीही उतरलेलं नसतं. रुग्णसंख्या वाढवूनही हा दोष जात नाही.

यश कशाला म्हणायचं, हे काटेकोर ठरवल्याचं उदाहरणही आहे. केमोच्या मळमळीवर दिल्या जाणाऱ्या ओलान्झापिन या औषधाची मुंबईच्या टाटा मेमोरियलची चाचणी २०२४ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आली. १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊनही उलट्या-मळमळ तितकीच आटोक्यात राहिली, दिवसाची गुंगी खूपच कमी झाली. तिथे पाच दिवसांत उलटी नाही, जादा औषध लागलं नाही आणि मळमळ फार तर किरकोळ, एवढं सगळं जमलं तरच यश धरलं होतं. जादा औषधाची अट मला मोलाची वाटते. दुसरी गोळी घेऊन मळमळ थांबली, तर ते श्रेय पहिल्या औषधाला जात नाही.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. कर्करुग्णांच्या त्रासावर प्रबंध करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून विद्यापीठाने सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे प्रबंधाआधी द्यायच्या आराखड्यातच, लिहून घ्यावं: पान कोरं राहिलं तर त्याच संध्याकाळी फोन कोण करणार, कारण कुठे नोंदवणार, घरच्यांनी सांगितलेला आकडा वेगळ्या रकान्यात ठेवणार ना. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर रेंज नसेल, तर आशाताईंची मदत मागावी. कोरे दिवस वाईटच गेले असं धरूनही निष्कर्ष टिकतो का, हेही तपासून छापावं. आणि ही पद्धत पहिला रुग्ण दाखल होण्याआधी ठरलेली असावी, म्हणजे आकडे पाहून सोयीची निवडता येणार नाही.

– एक निवृत्त प्राध्यापिका, इंदिरानगर, नाशिक