आईच्या वजनाबद्दल आणि ‘डी’च्या रिपोर्टबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबांनी पाठवलेला रिपोर्ट नीट वाचला. ड जीवनसत्त्व १३. वीसच्या खाली म्हणजे कमतरताच. आई, फोनवर तू म्हणालीस, “डी कमी आहे म्हणूनच वजन वाढतंय, ते भरून आलं की उतरेल.” तुझी ही आशा मोडताना मला वाईट वाटतंय, पण गोष्ट बहुतेक उलटी आहे. २०१३ साली सुमारे ४२,००० लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास झाला. जनुकांमुळेच ज्यांचं वजन वाढतं, त्यांच्यात ड कमी निघालं. ज्यांच्यात जनुकांमुळे ड कमी, त्यांचं वजन मात्र त्यापायी वाढलेलं दिसलं नाही.

ड चरबीत विरघळतं. अंगात चरबी जास्त असली की ते तिच्यात मुरतं आणि रक्तात थोडंच उरतं. बोस्टनला जाड आणि सडपातळ माणसांना सारखेच अतिनील किरण दिले होते. त्यात जाड माणसांच्या रक्तातलं ड सडपातळांच्या मानाने निम्मंही वाढलं नाही. त्वचेत ते तयार व्हायला लागणारा पदार्थ मात्र दोघांत सारखाच होता. तेव्हा बाबा, “उन्हात बसत नाही, म्हणून असं झालं” हे आईला आता ऐकवू नका. आणि गॅलरीच्या बंद काचेआड बसून तसाही उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

आई, ‘डी’ची पुडी ६०,००० युनिटची आहे. आठवड्यातून एकदाच, तीही जेवणानंतर. वजन जास्त असेल तर डॉक्टर डोस वाढवतातही, पण ते त्यांनी ठरवायचं. कोर्स संपल्यावर शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू करू नकोस. जादा ड लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळतं, सारखी तहान लागते, मूत्रपिंडावर ताण येतो. मला याचीच जास्त काळजी वाटते.

पुड्या हाडांसाठी मनापासून घे. वजनासाठी मात्र चालणं आणि रात्रीचा भात कमी करणं हेच आधी. गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, म्हणून सपाट रस्त्यावर, झेपेल तेवढंच चाल.

बाबा, डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. कॅल्शियमच्या गोळीतही बहुधा ड असतं, तेही हिशेबात धरायला सांगा. आणि तुमचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

तुमची,
धाकटी