तवांगहून पत्र

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा बोलता बोलता फोन कट झाला आणि तुमचा प्रश्न अर्धाच राहिला. अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू म्हणतात, आमची सीमा चीनशी नाही, तिबेटशी आहे. मुख्यमंत्र्याने असं बोलावं का, असं तुम्ही विचारत होतात. 2025च्या जुलैत एका मुलाखतीत ते तसं बोलले. मला ते पटतं. 1914मध्ये सिमल्याला मॅकमहोन रेषा ठरली, ती ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यात. इथला मठ सतराव्या शतकातला. सहावे दलाई लामा तवांगजवळच उर्गेलिंगला जन्मले, आणि 1959मध्ये चौदावे दलाई लामा याच बाजूने भारतात आले. इथल्या मोनपा जमातीला तिबेट ठाऊक आहे तो शेजारी म्हणून. चिनी फौज त्यांनी पाहिली ती 1962 साली.

खांडू स्वतः मोनपा, इथल्याच मुक्तो मतदारसंघाचे आमदार. त्यांचे वडील दोरजी खांडूही मुख्यमंत्री होते, आणि राजकारणात येण्याआधी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात नोकरीला होते. 9 डिसेंबर 2022ला सीमेवर यांगत्सेला भारतीय आणि चिनी जवानांत झटापट झाली, तेव्हा पेमा खांडूंनी लिहिलं की यांगत्से माझ्या मतदारसंघात येतं, मी दरवर्षी तिथल्या जवानांना आणि गावकऱ्यांना भेटतो, आणि आता 1962 राहिलेलं नाही. जवानांबरोबर त्यांनी गावकऱ्यांचंही नाव घेतलं, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तुम्ही पलटणीत आयुष्य काढलंत. वाटाड्या, हमाल, खबर देणारा गुराखी नसेल तर डोंगरातली चौकी किती एकटी पडते, हे तुम्हाला मी काय सांगणार!

म्हणून इथे पर्यटनाचं बोलणं निघालं की संरक्षणाचं बोलणं आपसूक निघतं. तरुण पोरं इटानगर-गुवाहाटीला गेली की मागे म्हातारी माणसं आणि याक उरतात. सीमेवरच्या गावांच्या विकासासाठी केंद्राची व्हायब्रंट व्हिलेज योजना आहे, तिच्या पहिल्या टप्प्यात 662 गावं होती, त्यातली 455 एकट्या अरुणाचलची. पोरांनी गावात राहायचं तर गावात कमाई हवी, आणि होमस्टे, गाडी, खाणावळ ही ती कमाई. मार्च 2024मध्ये तवांगच्या वाटेवरच्या सेला खिंडीखालचा बोगदा सुरू झाला. तो सैन्यासाठी बांधला, पण बर्फात खिंड बंद पडली की आजारी माणूस खाली कसा न्यायचा, हा गावकऱ्यांचा घोरही त्याने कमी केला.

एका बाबतीत मात्र मी खांडूंच्या बाजूची नाही. ब्रह्मपुत्रेवर, तिबेटात, चीन प्रचंड धरण बांधतोय. त्याला ते पाण्याचा बॉम्ब म्हणतात, आणि उत्तर म्हणून सियांग नदीवर (ब्रह्मपुत्रेचं हे अरुणाचलातलं नाव) आपण 11,000 मेगावॉटच्या आसपासचा प्रकल्प उभारावा असा त्यांचा आग्रह आहे. त्यांची भीती खरी आहे. पण त्या खोऱ्यातले आदी जमातीचे लोक आपली शेतं आणि गावं बुडतील म्हणून विरोध करताहेत, आणि मे 2025मध्ये नुसत्या पाहणीसाठी तिथे सशस्त्र दलं पाठवली गेली, याने मला फार वाईट वाटलं. सीमेवरच्या माणसांच्या भरवशावर देश राखायचा, तर त्यांच्या घरादाराचा निर्णय त्यांना विचारूनच व्हायला हवा. कोयनेत आपल्याच जिल्ह्यातली गावं उठली. आई, तुझ्या माहेरची माणसं आजही त्याबद्दल कशी बोलतात ते आठव.

आता तुमच्या येण्याचं. ऑक्टोबरात या, आकाश स्वच्छ असतं. तवांग दहा हजार फुटांवर आहे, म्हणून वाटेत दिरांगला एक मुक्काम करायचाच. बाबांच्या बीपीचं डॉक्टरांना विचारून घ्या. सीमेवरची बुमला खिंड पंधरा हजार फुटांवर, तिथे जायचं की नाही ते इथे आल्यावर बघू. आईला माधुरी दीक्षितच्या नावाचं तळं नक्की दाखवीन. पण बहुतेक पाहुणे तळ्यावर फोटो काढून हॉटेलात परततात आणि गावात दमडी पडत नाही. आपण झेमिथांगला जाऊ. तिथे गोरसम स्तूप आहे, हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच येतात, आणि राहायला गावातलंच घर मिळेल.

अरुणाचलात यायला इनर लाइन परवाना लागतो. तुमच्या दोघांच्या आधारकार्डाचे आणि पासपोर्ट साइजचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मी ऑनलाइन काढून ठेवते.

तुमची,
ताई